अनाहूत आवाज : संगणकावरील ध्वनिमुद्रणातील घरघर आणि तिचे निवारण

स्मरणिका म्हणजे आठवणी जतन करण्याचा सामूहिक प्रयत्न. छापील शब्द आणि छायाचित्र ही त्याची जुनी साधने. गेल्या काही वर्षांत त्यांना तिसऱ्या साधनाची जोड मिळाली आहे, ती म्हणजे आवाजाची. माजी विद्यार्थी सुटीत गावी आले की लॅपटॉपला माइक जोडून आजीच्या ओव्या, वडिलांची भजने किंवा भीमगीते, 1972 च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या हकिकती मुद्रित करून ठेवतात. इंदापूर तालुक्यात तर या कामाला एक वेगळीच निकड आहे. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेली जुनी गावठाणे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, पळसदेवच्या जुन्या मंदिरात जे लहानपणी खेळले, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्यांचा आवाज आज मुद्रित झाला नाही, तर पुढे तो कधीच होणार नाही.

असे मुद्रण घरी येऊन ऐकावे, तर पुष्कळदा निराशा पदरी येते. बोलण्याच्या मागे सतत एक 'घुंऽऽ' असा नाद असतो, मध्येच टक्‌ असा आवाज होतो, शब्दांच्या सांध्यांत खरखर भरलेली असते. हळू आवाजात सांगितलेले नेमके महत्त्वाचे वाक्य त्या गदारोळात बुडून जाते. संगणक जुना आहे किंवा माइक स्वस्त आहे, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. वस्तुतः यांतील बहुतेक दोष महागडे यंत्र न घेताही दूर होतात. त्यासाठी तो आवाज कोठून येतो, एवढे समजून घ्यावे लागते. ते समजावून सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे.

एक लाख ओव्यांचा धडा

आवाज जपण्याचे काम महाराष्ट्रात किती मोलाचे ठरले आहे, याचे उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1990 च्या दशकात संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार असलेले बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' अर्थात 'पारी' या संस्थेने हा ठेवा क्रमाक्रमाने लोकांपुढे आणला. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरमधील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्या त्यात आहेत, तशाच आपल्या पुणे जिल्ह्यातील गावोगावच्या ओव्याही आहेत. गाणाऱ्यांपैकी कित्येक जणी आज हयात नाहीत, पण त्यांचा गळा ऐकू येतो.

या मुद्रणातून एक महत्त्वाची गोष्ट शिकता येते. ओवीच्या मागे जात्याची जी घरघर ऐकू येते, तिला दोष म्हणता येईल का? मुळीच नाही. ती घरघर ओवीचा ताल आहे. ती काढून टाकली, तर ओवी पोरकी होईल. मात्र त्याच मुद्रणात विजेच्या तारेमुळे शिरलेली गुणगुण असती, तर ती निश्चितच दोष ठरली असती. तेव्हा आवाज मोठा की लहान, कर्कश की मृदू यावरून तो नको असलेला ठरत नाही. जो आपण मुद्रित करायला बसलो नव्हतो आणि जो त्या प्रसंगाचा भाग नव्हता, तो अनाहूत. हा विवेक मनात ठेवूनच पुढील उपाय योजावे लागतात.

आवाजाची ओळख कानाने

वैद्य जशी नाडी पाहतो, तसे प्रथम कानाने निदान करावे. संगणकाच्या ध्वनियंत्रणेत शिरणारे अनाहूत आवाज साधारणपणे पाच जातींचे असतात.

पहिली जात गुणगुणीची. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची असून ती सेकंदाला 50 वेळा आवर्तन घेते. ही 50 हर्ट्‌झची वारंवारता किंवा तिची दुप्पट म्हणजे 100 हर्ट्‌झची वारंवारता ध्वनीच्या तारेत शिरली की 'घुंऽऽ' असा सलग, खालच्या पट्टीतील नाद ऐकू येतो. तो कमीजास्त होत नाही, थांबत नाही.

दुसरी जात बारीक शिट्टीची किंवा किरकिरीची. माउस हलवला, पडदा सरकवला किंवा फाइल उघडली की हिचा सूर बदलतो. ही संगणकाच्या पोटातून येते.

तिसरी जात फुसफुशीची. पाऊस दूर कोठेतरी पडत असावा, तसा हा सलग 'हिस्स' आवाज असतो. माइकची पातळी वाढवली की तोही वाढतो.

चौथी जात टकटकीची. पंखा बंद केला, फ्रिज चालू झाला, विहिरीवरील मोटार सुरू झाली की एकदाच टक्‌ असा आवाज येतो. जुन्या पद्धतीच्या टू-जी जोडणीवरील मोबाइल जवळ ठेवला असता येणारी 'टिडिक-टिडिक' हीदेखील याच कुळातली.

पाचवी जात हवेतून येणाऱ्या आवाजाची. संगणकाच्या थंडाव्याचा पंखा, छताचा पंखा, पत्र्यावर वाजणारा वारा. हा विजेचा दोष नव्हे. माइकने आपले काम प्रामाणिकपणे केले, एवढाच त्याचा अर्थ.

या पाच जातींची कारणे वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे आहेत. गुणगुणीवर पंखा साफ करून उपयोग नाही आणि पंख्याच्या आवाजावर नवी केबल घेऊन उपयोग नाही.

संगणकाच्या पोटातील गर्दी

साधा माइक आपल्या बोलण्याचे रूपांतर विजेत करतो, तेव्हा ती वीज अवघ्या एक-दोन मिलिव्होल्टची असते. भिंतीतील 230 व्होल्टशी तिची तुलना केली, तर ती एक लाख पटींहून लहान भरते. बाजाराच्या गर्दीत कोणी कानात कुजबुजावे, तशी तिची अवस्था असते.

ही कुजबुज संगणकाच्या आत जाते, तेथे तर अधिकच गर्दी असते. प्रोसेसर सुमारे एका व्होल्टवर चालतो, पण प्रवाह मात्र कित्येक अँपिअर ओढतो. त्याला हवा तसा पुरवठा करण्यासाठी मदरबोर्डवरील लहान-लहान मंडले सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करीत असतात. काम वाढले की प्रवाह वाढतो, काम संपले की उतरतो. ध्वनीचे काम करणारी चिप त्याच फळीवर, त्याच सामाईक जमिनीच्या तारेवर बसवलेली असते. त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक चढउताराचा पडसाद तिच्यावर उमटू शकतो. माउस हलवल्यावर किरकिरीचा सूर का बदलतो, याचे उत्तर येथे आहे. यूएसबीच्या तारेतून माहिती दर मिलिसेकंदाला एक अशा ठरावीक ठेक्यात जाते, म्हणून यूएसबीमुळे येणारी शिट्टी अनेकदा 1000 हर्ट्‌झच्या आसपास ऐकू येते.

उपाय सरळ आहे. कुजबुज ऐकायची असेल, तर ती गर्दीबाहेर ऐकावी. यूएसबीला जोडण्याचे लहान साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते. ते आवाजाचे अंकांत रूपांतर संगणकाच्या पेटीबाहेर करते. एकदा आवाज अंकांत गेला की पुढे वाटेत कितीही गर्दी असली, तरी अंक बदलत नाहीत. हे कार्ड लॅपटॉपला थेट चिकटवण्यापेक्षा हातभर लांबीच्या यूएसबी केबलने दूर ठेवावे. टेबलावरील संगणक असेल, तर समोरच्या भोकाऐवजी मागील बाजूच्या भोकात माइक जोडून पाहावा. समोरच्या भोकाकडे जाणारी तार पेटीच्या आतून, सगळ्या गर्दीतून फिरून येते. मागचे भोक थेट फळीवर असते. या एका बदलाने एक पैही न खर्चता पुष्कळ किरकिर कमी होते.

दोन जमिनींचे भांडण

आपल्या परिसरात सर्वांत जास्त आढळणारा दोष गुणगुणीचा असतो, आणि त्याचे मूळ बहुधा अर्थिंगमध्ये असते.

समाजमंदिरातील किंवा शाळेच्या सभागृहातील नेहमीचे दृश्य पाहा. लॅपटॉपचा चार्जर व्यासपीठाजवळच्या सॉकेटमध्ये आहे. अॅम्प्लिफायर हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमध्ये आहे. दोहोंना जोडणारी ध्वनीची लांब केबल मधून गेली आहे. दोन्ही सॉकेटना अर्थिंग आहे, पण ते वेगवेगळ्या वाटांनी जमिनीत गेले आहे. दोन ठिकाणच्या जमिनीची विद्युतपातळी तंतोतंत सारखी नसते. तिच्यात थोडा फरक पडतो आणि तो फरक भरून काढण्यासाठी ध्वनीच्या केबलच्या बाहेरील जाळीतून प्रवाह वाहू लागतो. समजा, त्या जाळीचा रोध 0.1 ओहम आहे आणि प्रवाह 50 मिलिअँपिअर आहे. तर जाळीच्या दोन टोकांत 5 मिलिव्होल्टचा फरक पडेल. लॅपटॉपकडून येणारा आवाज सुमारे एक व्होल्टचा धरला, तर गुणगुण त्याच्या दोनशेव्या हिश्शाइतकी होते. हा हिस्सा लहान वाटतो, परंतु शांत प्रार्थनेच्या वेळी तो साऱ्या सभागृहाला ऐकू जातो. या चक्राला 'ग्राउंड लूप' म्हणतात.

निदान अगदी सोपे आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. गुणगुण तत्काळ थांबली, तर दोष याच चक्राचा किंवा चार्जरचा आहे.

उपाय तीन आहेत. एक, लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर या दोहोंना एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर वीज द्यावी. मग दोन जमिनींचे भांडणच उरत नाही. दोन, ध्वनीच्या केबलमध्ये 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची लहान डबी घालावी. तिच्यात एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंची तार एकमेकींना जोडलेली राहत नाही. हलक्या प्रतीच्या डबीने खर्जातला आवाज थोडा उतरतो, एवढे ध्यानात ठेवावे. तीन, मुद्रण लहान असेल तर बॅटरीवरच करावे. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा.

तिसरी पिन कधीही तोडू नये

येथे एक इशारा द्यावाच लागेल. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन तोडून टाकण्याची किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावण्याची वाईट प्रथा आपल्याकडे सर्रास दिसते. त्याने चक्र तुटते, गुणगुण थांबते आणि करणाऱ्याला आपण मोठा इलाज केला असे वाटते. प्रत्यक्षात त्याने माणसाचे संरक्षण काढून टाकलेले असते. अॅम्प्लिफायरच्या आत एखादी तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर अर्थिंग असताना तो प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल, तर 230 व्होल्ट त्या पेटीवर आणि तिला जोडलेल्या माइकच्या धातूच्या दांड्यावर वाट पाहत थांबतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलेला विद्यार्थी तो माइक हातात घेतो, तेव्हा काय होईल हे वेगळे सांगायला नको. वसतिगृहात, शाळेत, समाजमंदिरात ही पिन तोडलेली आढळली, तर ती यंत्रणा त्याच क्षणी बंद करावी. मुख्य पुरवठ्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असणे हे अशा ठिकाणी अत्यावश्यक आहे.

लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असे अनेक जण सांगतात. चार्जरच्या आत विद्युतगोंगाट अडवण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल, तर त्यांतून अतिशय सूक्ष्म प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर येतो. चार्जर मूळचा आणि सुस्थितीत असेल, तर तो सहसा घातक नसतो, पण सॉकेटला अर्थिंग नीट नाही याची ती खूण असू शकते. तीन पिनांचा चार्जर असूनही झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्यावे. हाच प्रवाह माइकच्या तारेतून वाट काढतो आणि गुणगुण निर्माण करतो. म्हणजे तीच खूण सुरक्षिततेचीही आहे आणि आवाजाच्या शुद्धतेचीही.

जिरायती जमीन आणि अर्थिंगचा खड्डा

अर्थिंगचा संबंध आपल्या मातीशी आहे. जमीन वीज वाहून नेते ती मुख्यतः ओलाव्यामुळे. माती सुकली की तिचा रोध वाढतो. नीरा डाव्या कालव्याखालील बागायती पट्ट्यातील काळ्या, ओल धरणाऱ्या मातीत पुरलेले अर्थिंग चांगले काम देते. तोच नळ जिरायती भागातील मुरमाड जमिनीत पुरला, तर एप्रिल-मे महिन्यांत त्याचा रोध किती तरी वाढलेला असतो. पावसाळ्यात स्वच्छ असलेली ध्वनियंत्रणा उन्हाळ्यात अचानक गुणगुणू लागते, त्याचे कारण कित्येकदा यंत्रात नसते, ते अंगणातील खड्ड्यात असते.

खड्ड्यात मीठ आणि कोळसा थरांनी भरण्याची जुनी रीत याच कारणासाठी आहे. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीला वाहक बनवते. मात्र मिठाने लोखंडी नळ हळूहळू गंजतो, म्हणून काही वर्षांनी खड्डा उकरून पाहणे जरूर असते. उन्हाळ्यात नळाच्या तोंडावरील नरसाळ्यातून आठवड्याला बादलीभर पाणी घालावे. अर्थिंगसाठी आयएस 3043 हे भारतीय मानक आहे. शाळेच्या किंवा संस्थेच्या इमारतीचे अर्थिंग त्याप्रमाणे परवानाधारक वायरमनकडून वर्षातून एकदा, तेही उन्हाळ्यात, मोजून घ्यावे.

विजेतील गोंगाटाची आणखीही स्थानिक कारणे आहेत. शेतीपंपांना ठरावीक वेळांतच थ्री-फेज वीज मिळते. ती आली की ऑटो स्विच लावलेल्या मोटारी एकापाठोपाठ सुरू होतात. प्रत्येक स्टार्टरच्या ठिणगीबरोबर टक्‌ असा आवाज तारांतून पसरतो आणि दाब क्षणभर खाली येतो. महत्त्वाचे मुद्रण या वेळा टाळून ठेवावे. घरातील इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल, तर त्यावर चालणारी ध्वनियंत्रणा हटकून गुरगुरते. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर असेल, तर हा त्रास होत नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे हेही शंकास्पद. एकेक बटण बंद करून पाहिले की गुन्हेगार आपोआप सापडतो.

तारा आणि पातळी

माइकची तार जितकी लांब, तितकी ती आजूबाजूची गुणगुण अधिक गोळा करते. म्हणून घरगुती माइकची तार तीन मीटरच्या आत असावी. विजेच्या वायरीला समांतर ती कधीही टाकू नये. ओलांडणे अपरिहार्य असेल, तर काटकोनात ओलांडावी. चार्जरची ठोकळ्यासारखी डबी माइकपासून हातभर तरी दूर असावी.

सभागृहात लांब तारेला पर्याय नसतो. तेथे तीन खिळ्यांची 'बॅलन्स्ड' केबल वापरतात. तिची युक्ती मोठी चतुर आहे. एकच आवाज दोन तारांतून पाठवला जातो, मात्र एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. वाटेत शिरणारी गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडच्या टोकाला एकीतून दुसरी वजा केली की सारखी असलेली गुणगुण नाहीशी होते आणि उलटसुलट असलेला आवाज दुप्पट होऊन हाती येतो.

फुसफुशीचा संबंध तारेपेक्षा पातळीशी अधिक असतो. माइक दूर ठेवायचा आणि संगणकात 'माइक बूस्ट' वाढवायचा, ही नेहमीची सवय. बूस्ट 20 डेसिबल वाढवला की आवाज दहापट होतो आणि त्याबरोबर फुसफूसही दहापट होते. त्यापेक्षा माइक जवळ आणावा. तोंडापासूनचे अंतर 30 सेंटिमीटरवरून 15 सेंटिमीटरवर आणले की आवाज दुप्पट, म्हणजे 6 डेसिबलने वाढतो, आणि खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. माइक तोंडाच्या समोर न धरता थोडा बाजूला धरला, तर 'प' आणि 'फ' उच्चारताना येणारा श्वासाचा धक्काही टळतो. मुद्रण करताना आवाजाची कमान मापकावर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावी. ती शून्याला टेकली, तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही.

शून्य फुसफूस असलेली यंत्रणा मात्र कोणालाही बनवता येणार नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये दाखवून दिले की कोणत्याही वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्ताव्यस्त हलत असतात आणि त्यातूनच एक सूक्ष्म विद्युतगोंगाट निर्माण होतो. 10,000 ओहमच्या रोधात, नेहमीच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या साऱ्या पट्ट्यात हा गोंगाट सुमारे 1.8 मायक्रोव्होल्ट भरतो. म्हणून ध्येय ठेवावे ते गोंगाट बोलण्याच्या पुष्कळ खाली नेण्याचे.

पंखा, धूळ आणि गोधडी

संगणकाचा पंखा जोराने फिरतो तो आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी. आपल्याकडील धुळीने त्याच्या जाळ्या बुजतात, उष्णता अडते आणि पंखा आणखी ओरडू लागतो. वर्षातून दोनदा ब्लोअरने धूळ काढावी. तसे करताना संगणक बंद असावा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मुद्रणाच्या वेळी बाकीचे सर्व प्रोग्रॅम बंद केले, तर प्रोसेसर थंड राहतो आणि पंखाही मंदावतो. लॅपटॉप आणि माइक एकाच टेबलावर ठेवू नयेत, कारण टेबलाची थरथर माइकच्या दांड्यातून वर चढते.

उघड्या भिंतींच्या किंवा पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. यावर शहरातील स्टुडिओत महागडा फोम लावतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू प्रत्येक घरात आहे, ती म्हणजे गोधडी. जुन्या लुगड्यांच्या अनेक थरांची जाड गोधडी बोलणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दोरीवर टांगली की घुमणे लक्षणीय कमी होते. धान्याच्या पोत्यांनी भरलेली खोली तर उत्तमच. ज्या आजीचा आवाज मुद्रित करायचा, तिनेच शिवलेली गोधडी त्या कामी यावी, यात एक औचित्यही आहे.

सॉफ्टवेअर : शेवटचा उपाय

गोंगाट नंतर काढण्याची कल्पना नवी नाही. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध नाव रे डॉल्बी यांचे. 1963 ते 1965 या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे तांत्रिक सल्लागार म्हणून ते भारतात होते. येथून परतल्यावर 1965 मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली आणि टेपवरील फुसफूस कमी करणारी पद्धत जगाला दिली. मुद्रणापूर्वी हळू आवाज उचलून घ्यायचा आणि ऐकवताना तो तितकाच खाली उतरवायचा, म्हणजे त्याबरोबर फुसफूसही खाली जाते, असे तिचे तत्त्व होते.

आज 'ऑडॅसिटी' नावाचा मोफत प्रोग्रॅम हे काम वेगळ्या रीतीने करतो. मुद्रणातील काही सेकंदांचा, कोणीही बोलत नसलेला तुकडा त्याला दाखवावा लागतो. त्यावरून तो गोंगाटाची ओळख करून घेतो आणि सबंध मुद्रणातून तेवढाच भाग कमी करतो. 6 ते 12 डेसिबलपर्यंत हा उपाय चांगला लागू पडतो. त्यापुढे ताणल्यास माणूस पाण्याखालून बोलत असल्यासारखा आवाज येतो.

ऑनलाइन सभेच्या प्रोग्रॅममध्ये मागचा आवाज आपोआप दाबण्याची सोय असते. नोकरीच्या मुलाखतीसाठी किंवा तासासाठी ती उपयुक्त आहे. परंतु ती माणसाच्या बोलण्याखेरीज सारेच नको असलेले समजते. गाणे, ढोलकी, टाळी आणि जात्याची घरघर ती निर्दयपणे पुसून टाकते. गायन किंवा ओवी मुद्रित करताना ही सोय आठवणीने बंद करावी. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय यंत्रावर सोपवू नये.

मुद्रणाला बसण्यापूर्वी

आपल्या बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेची 90.4 एफएमवरील 'वसुंधरा वाहिनी' आणि कृषी विज्ञान केंद्राची 90.8 एफएमवरील 'शारदा कृषी वाहिनी' ही सामुदायिक नभोवाणी केंद्रे आहेत. गावच्या माणसाचा आवाज गावच्या माणसापर्यंत पोहोचवण्याचे काम अशी केंद्रे करतात. आपण घरी केलेले मुद्रण उद्या अशा एखाद्या केंद्राला किंवा संग्रहाला द्यावेसे वाटले, तर ते त्या योग्यतेचे असावे. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

1. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवावा. मोबाइल विमानस्थितीत ठेवावा.

2. छताचा पंखा, फ्रिज आणि अनावश्यक दिवे बंद करावेत. काम संपल्यावर फ्रिज पुन्हा चालू करण्यास विसरू नये.

3. यूएसबी साउंड कार्ड असल्यास माइक त्यालाच जोडावा. बूस्ट शून्यावर ठेवून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणावा.

4. शक्य असल्यास 24 बिटचे मुद्रण निवडावे. त्यामुळे पातळी थोडी कमी ठेवली तरी तपशील हरवत नाही.

5. प्रारंभी दहा सेकंद सर्वांनी शांत बसावे आणि ती शांतता मुद्रित करावी. पुढे सॉफ्टवेअरला गोंगाटाची ओळख पटवण्यासाठी तीच लागते.

6. एक मिनिट मुद्रण करून हेडफोनवर ऐकावे. काही दोष असल्यास वर सांगितलेल्या पाच जातींपैकी तो कोणता, हे ओळखून उपाय करावा आणि मगच पुढे जावे. वयोवृद्ध माणसाला तीच हकिकत पुन्हा सांगायला लावणे योग्य नव्हे, आणि दुसऱ्यांदा ती तशी येतही नाही.

7. आरंभी बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख आपल्या आवाजात नोंदवावी. मुद्रण करण्यास आणि ते इतरांना ऐकवण्यास त्यांची संमती घ्यावी.

8. मूळ मुद्रण जसेच्या तसे जपून ठेवावे. सफाई नेहमी प्रतीवर करावी. आजचे सॉफ्टवेअर जो आवाज काढू शकत नाही, तो उद्याचे कदाचित काढील. मूळच पुसले गेले, तर तो मार्ग बंद होतो. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात.

या साऱ्याला लागणारी सामग्री म्हणजे एक साधा माइक, एक लहान साउंड कार्ड, एक गोधडी आणि अर्ध्या तासाची पूर्वतयारी. आपल्या समाजाचा बराच इतिहास लिहिला गेलेला नाही, तो माणसांच्या गळ्यात आहे. ज्यांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, अशा आपल्या आज्या-पणज्यांनी तो ओव्यांत आणि हकिकतींत सांभाळून आपल्यापर्यंत आणला. शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने येत्या सुटीत घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ तासभर बसावे, चार्जर काढून ठेवावा आणि त्यांना बोलते करावे.